हप्ता कुठल्या वारी असतो?

प्रश्न : ताई नमस्कार. मी इचलकरंजीत कॉमर्स कॉलेजात शिकवतो. दरवर्षी टीवायच्या पोरांना प्रोजेक्ट द्यायचा म्हणून देतो, यंदा म्हटलं काहीतरी कामाचं करू, गावातल्या घरांची पैशाची ओढाताण किती आहे ते मोजू. पोरं ४० आहेत. दोन गल्ल्यांत ट्रायल घेतली, फॉर्ममधे महिन्याचं उत्पन्न, एकूण कर्ज, बचत असं सरळ विचारलं. ५२ घरांतल्या ३९ घरांनी ‘कर्ज नाही’ म्हणून सांगितलं! हे खोटं आहे हे मला माहीत आहे कारण त्यातली चार घरं आमच्याच भावकीतली. मग मोजायचं कसं? का सरळ सरकारी आकडे घ्यावेत?
— एक प्राध्यापक, इचलकरंजी

उत्तर : सर, खोटं नाही ओ ते, निदान सगळं तरी नाही. तुमचा प्रश्न चुकला.

मी बरीच वर्षं सर्व्हेचे फॉर्म भरायचं काम केलंय. तुमच्याच भागात एका घरात बाई मागाच्या सुताच्या कांड्या भरत बसलेल्या, हात थांबवला नाही त्यांनी, मी विचारलं कर्ज आहे का, म्हणाल्या न्हाई. बँकेचं? न्हाई. सोसायटीचं? न्हाई. मी ‘निरंक’ लिहिलं आणि उठताना म्हटलं, राहिलेलं उद्या विचारायला येते. तर म्हणाल्या, “उद्या नगं, उद्या मंगळवार, गटाची मिटिंग अस्ती.” आणि परवा? “बुधवारी फायनान्सवाला येतो की.” संध्याकाळी? संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला, त्याच्याकडनं बी थोडं उचललेलं. मी खाली बसले परत. म्हटलं, वहिनी मघाशी कर्ज नाही म्हणालात. तर त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या जसं काय मलाच कळत नाही, “कर्ज इचारलासा तुम्ही. ह्यो हप्ता हाय.”

तेव्हापासून मी फॉर्मवर काहीही छापलेलं असो, तोंडी पहिला प्रश्न ‘हप्ता कुठल्या वारी असतो’ हाच विचारते. कर्ज म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बँक, जप्ती आणि अब्रू येते, हप्ता म्हटलं की वार येतो. वार सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

आता सरकारी आकडे. वापरा, पण ते कशासाठी आहेत ते बघून वापरा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत (२०१९) कर्ज आणि गुंतवणुकीचा सर्व्हे झाला, त्यात शहरी भागातली २२.४ टक्के घरं कर्जदार निघाली आणि ग्रामीण भागातली ३५ टक्के. म्हणजे शहरवाले सुखी? तसं नाही, कारण कर्ज असलेल्या शहरी घराचं सरासरी कर्ज निघालं ५ लाख ३६ हजारांच्या वर, त्यात फ्लॅटचं होमलोन काढलेला पगारदार माणूस पण आला, आणि तो तर मजेत असतो, निदान नोकरी आहे तोवर. उलट ज्याच्यावर कर्ज नाही त्यांतल्या कितीतरी जणांना कुणी उभंच करत नाही म्हणून कर्ज नाही. कर्जाचा आकडा एकटा घेतला तर मजेतला माणूस अडचणीत दिसतो आणि अडचणीतला कुठं दिसतच नाही.

दुसरं म्हणजे त्या पाहणीत देशभरातली शहरी घरं होती ४७ हजार. देशभरातली! त्यात तुमच्या गावाच्या वाट्याला किती येणार, आली तर एखादी गल्ली. रिझर्व्ह बँकेचा ग्राहक विश्वासाचा सर्व्हे १९ शहरांत होतो, आपल्या राज्यातली त्यात मुंबई आणि नागपूर. तेव्हा इचलकरंजी, मालेगाव, बार्शी असल्या गावांचं दुखणं मोजायला मुद्दाम कुणी येत नाही, आणि तुमची ४० पोरं म्हणून मला फार मोलाची वाटतात (उगाच चढवत नाहीये).

तर काय विचारायचं. उत्पन्न महिन्याचं विचारूच नका, यंत्रमागावरच्या माणसाला महिना माहीत नसतो, त्याला आठवडा माहीत असतो. गेल्या आठवड्याला हातात किती आले, त्याच्या आधीच्या आठवड्याला किती, माग किती दिवस बंद होते, खाडे किती झाले, कारखान्याच्या दिवाणजीकडनं उचल घेतलीय का आणि ती पगारातनं कापून घेतात का, एवढं विचारा. सुताचा भाव हलला, कापडाला गिऱ्हाईक नाही, की पहिली पाळी बंद होते ती याच माणसाची, आणि हप्त्याचा मंगळवार काही हलत नाही. ओढाताण ती हीच, कमाई खालीवर होते आणि हप्ता जागचा हलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात मायक्रोफायनान्सच्या घरासाठी (वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न) सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत असं आहे. नियम चांगलाय. पण निम्मं कशाचं, चांगल्या महिन्याचं का वाईट, हे ठरवल्याशिवाय पोरांना टक्केवारी काढायला लावू नका.

माझ्या मते सगळ्यात खरा प्रश्न एकच : गेल्या तीन महिन्यांत एक हप्ता भरायला दुसरीकडून पैसे घेतले का? हो आलं की ते घर ओढाताणीत धरायचं, मग उत्पन्न किती का असेना. त्याला जोडून, हप्ता भरता यावा म्हणून काय थांबवलं ते विचारा. पोरीची शिकवणी, सासूच्या बीपीच्या गोळ्या (रोजच्या ऐवजी एक दिवसाआड), दूध अर्ध्या लिटरवर आणलं, सिलेंडर संपून पडलाय आणि चूल पेटलीय, गावाकडच्या लग्नाला एकटाच माणूस गेला. ‘तुम्हाला चिंता वाटते का’ असलं काही विचारू नका, चिंता कुणाला वाटत नाही. काय केलं आणि कधी केलं ते विचारा, ते माणूस सहसा खोटं सांगत नाही.

जगभरात अजून एक प्रश्न विचारतात, अचानक अमुक रक्कम लागली तर उभी करू शकाल का, अमेरिकेत ४०० डॉलरचा धरतात. तुम्ही १० हजार धरा, पण ‘कराल का’ एवढ्यावर थांबू नका, ‘कुणाकडून’ ते विचारा. भावाकडून म्हणाला तर वेगळं, शेकडा पाचने म्हणाला तर वेगळं (महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, पोरांना एकदा फळ्यावर लिहून दाखवाच).

सोन्याबद्दल जरा थांबून सांगते कारण इथं भलेभले फसतात. सोनंतारण किती रुपयांचं आहे हे विचारू नका, किती तोळं ठेवलंय ते विचारा. गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव एवढा चढला की त्याच पाटल्यांवर आता कितीतरी जास्त पैसे मिळतात, त्यामुळे रुपयांत मोजलं तर तारण वाढलेलं दिसतं आणि आपण म्हणतो गाव बुडालं, आणि दुसऱ्या बाजूनं बाईच्या अंगावरचं शेवटचं डोरलं गेलेलं असतं ते रुपयांत कळतच नाही. तोळ्यात विचारा, कधी ठेवलं ते विचारा, आणि किती वेळा नवं-जुनं केलं (म्हणजे जुनं तारण न सोडवता त्याच सोन्यावर कर्ज नव्यानं लिहून घेतलं) ते विचारा. एकदा ठेवून दिवाळीच्या बोनसला सोडवून आणलं तर ती सोय आहे, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या तसंच चाललंय. तिसऱ्यांदा नवं-जुनं केलं असेल तर ते सोनं आता त्या घराचं राहिलेलं नाही, फक्त कागद त्यांच्या नावावर आहे.

आणि हो, खर्चीवाल्यांना (दुसऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणारे छोटे मागमालक) वगळू नका. आठ माग, स्वतःची शेड, दारात गाडी, म्हणून पोरं त्यांना ‘चांगली परिस्थिती’ लिहून मोकळी होतील. मागावर बँकेचं कर्ज, लाइटबिल थकलेलं, कामगाराला आठवड्याला पगार द्यायला स्वतःच्या बायकोचं सोनं ठेवलेलं, अशी घरं मी पाहिलीत. मजूर निदान बोलतो तरी. हे बोलत नाहीत.

बाकीचं पटकन सांगते. २०११ च्या जनगणनेत गाव २ लाख ८७ हजारांचं होतं, आता तर महापालिका झाली, पण नमुना लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवायची गरज नाही, साधारण ४०० घरं नीट विखरून घेतली तर पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या चुकीत उत्तर मिळतं. म्हणजे एका पोराला दहा घरं. विखरून हे महत्त्वाचं, एकाच गल्लीतली ४०० घेतली तर गल्ली कळेल, गाव नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या गल्लीत अजिबात पाठवू नका, भावकीत तर नकोच, ओळखीच्या पोरासमोर कुणी तोंड उघडणार नाही आणि उघडलं तर दुसऱ्या दिवशी ते कट्ट्यावर असेल. नाव फॉर्मवर लिहायचं नाही. बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं विचारता आलं तर फार बरं, गटाचा हप्ता पुरुषाला माहीत नसतो आणि हातउसने बाईला. आणि एकाच वेळी मोजून थांबू नका, जूनमधे शाळा उघडल्यावर एकदा आणि दिवाळी होऊन गेल्यावर एकदा, त्याच घरांत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मोजाल तर बोनसमुळे गाव श्रीमंत दिसेल.

सगळ्याची बेरीज करून एक मोठा निर्देशांक काढायचा मोह होईल, तो कृपा करून टाळा. शिकवणी बंद केल्याचे दोन मार्क, सोनं ठेवल्याचे तीन, हे कोण ठरवणार?

प्रश्न : ताई, माझ्या मिस्टरांचा सिबिल स्कोअर ७७० आहे. ते म्हणतात एवढा स्कोअर म्हणजे आपलं उत्तम चाललंय. पण तो चांगला राहावा म्हणून मी दर महिन्याला भिशीतून, बहिणीकडून, किराणावाल्याकडं उधारी वाढवून पैसे फिरवते, माझ्या बांगड्या पण ठेवल्यात पतसंस्थेत, त्यांना माहीत नाही. आम्ही ठीक आहोत का नाही?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : स्कोअर ३०० ते ९०० मधे असतो, त्यात ७७० चांगलाच. पण तो मिस्टरांचा आहे, घराचा नाही, आणि तो मोजतो सावकाराची भीती, तुमची नाही. बँकेला एवढंच कळतं की हप्ता वेळेवर आला. कुठून आला ते कळत नाही. भिशी, बहीण, किराणावाल्याची वही यातलं काहीच तिथं जात नाही, पतसंस्थेचंही बहुतेक वेळा नाही. म्हणजे त्यांचा स्कोअर तुमच्या बांगड्यांवर उभा आहे.

हिशोब एकदा करून बघा. १ लाखाचं तारण, १२ टक्के व्याज, व्याज न भरता दरवर्षी नवं-जुनं, तर तीन वर्षांनी सोडवायला १ लाख ४० हजारांच्या वर लागतात. मला विचाराल तर अर्ध्या बांगड्या विकून अर्ध्या सोडवून आणा, वाईट वाटेल, पण लिलावाच्या नोटिशीत नंबर येण्यापेक्षा बरं. आणि मिस्टरांना सांगा. भांडण होईल, होऊ दे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक देण्याची तारीख लाल पेनानं लिहा, बहिणीची पण, किराणाची पण, आणि मग त्यांना बोलवा. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलं की ‘एवढं काही नाही’ असं होतं.

प्रश्न : आमच्या मंडळाला गरजू घरांना मदत करायची आहे. रेशनकार्डाच्या रंगावरून ठरवावं का?
— एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर : नको. शहरात पिवळ्या कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १५ हजार, केशरीची १ लाखापर्यंत. १५ हजार म्हणजे दिवसाला ४१ रुपये, एवढ्यात आज खरोखर कोण जगतंय सांगा. कार्डावरून घर ज्या दिवशी दाखला काढला त्या दिवशीचं कळतं, तेही दाखल्यावर खरं लिहिलं असेल तर. वरचं उत्तर वाचा, वार विचारत फिरा. दुपारी तीन ते पाच जा, त्या वेळेला बायका दारात बसलेल्या असतात.