मालक हसवतात, तरी माणसं का टिकत नाहीत?

छोट्या व्यावसायिकांकडून एक तक्रार माझ्याकडे वारंवार येते. "आम्ही हाताखालच्या माणसांवर ओरडत नाही, हसतखेळत वागतो. तरी माणसं टिकत नाहीत, आणि टिकली तर डोक्यावर बसतात. मग मालकाने कडकच राहायचं का?" उत्तरादाखल मी नागपूरच्या इतवारीतल्या एका मिठाई-फरसाणच्या दुकानाची हकीकत सांगते. मालकांनी तशी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. दुकानात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही इथे भाऊच म्हणते.

भाऊ माझ्याकडे समुपदेशनाला आले ते झोप लागत नाही म्हणून. दुकान वडिलांच्या वेळचं. भट्टीवर दोन कारागीर, काउंटरवर तिघं, पॅकिंगला एक मावशी. ऐन दिवाळीच्या तोंडावर काउंटरवरचा सगळ्यांत जुना माणूस यायचा बंद झाला आणि थोड्याच दिवसांत दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात उभा दिसला. भाऊंना खरं लागलं ते पुढचंच. "जास्त पैशासाठी गेला असता तं समजलो असतो मॅडम. त्याच पगारावर गेला न तो! मी तं घरच्यावानी वागवत होतो. दिवसभर हसवत होतो सगळ्यायले."

काय बोलून हसवता, असं विचारल्यावर ते खुलले. उशिरा येणाऱ्याला, "जावईबापू आले, हार आणा रे!" खवा करपला की, "आज कोळशाची बर्फी." हिशेब चुकला की, "आर्यभट्ट आले आपल्याकडे." पगार वाढवून मागितला की, "तुह्या पगार वाढवला तं मलेच तुह्याकडे कामाले यावं लागन." सांगताना भाऊ स्वतः मनापासून हसत होते, आणि त्यांच्या मनात कुणाबद्दल आकस नव्हता, याविषयी मला आजही शंका नाही.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: माणसं जोडणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. भाऊंना वाटत होतं, आपला विनोद पहिल्या प्रकारचा. काउंटरच्या पलीकडून तो तिसऱ्या प्रकारचा होता. तेच वाक्य मित्राने मित्राला म्हटलं असतं, तर मित्राने दुप्पट जोरात परतवलं असतं. ज्याचा महिन्याचा पगार समोरच्याच्या गल्ल्यातून येतो, तो परतवत नाही, हसतो. पगारासाठी चेहऱ्यावर भाव आणावे लागणं, याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम म्हटलं. भाऊंची माणसं दहा-दहा तास लाडू-चिवडा विकत होती, वर हेही श्रम करत होती.

हे मी त्यांना सिद्धांत म्हणून सांगितलं असतं, तर पटलं नसतं. मी मारबतीबद्दल विचारलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक महाल-इतवारीच्या रस्त्यांवरून निघते आणि भाऊ लहानपणापासून ती पाहायला उभे राहतात. "बडगे कोणाचे असतात?" मिरवणुकीतल्या टिंगलीच्या पुतळ्यांबद्दल मी विचारलं. पुढारी, भ्रष्टाचार, महागाई, असं ते भराभर सांगत गेले. "एखाद्या हमालाची, भट्टीवाल्याची टिंगल करणारा बडगा पाहिलात?" ते थांबले. "नाही न. त्याची कोण टिंगल करन? उलट तोच नाचत असतो समोर." आपल्या शहराला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. टिंगल वरच्याची होते, आणि त्या दिवशी खालच्यालाही रस्त्यावर मोठ्याने हसता येतं.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. मी भाऊंना एक वही करायला सांगितली. दुकानात केलेला प्रत्येक विनोद लिहायचा, आणि शेजारी लिहायचं, "मला खरं काय सांगायचं होतं?" पुढच्या भेटीत वही उघडली तेव्हा उजवीकडचा रकाना वाचताना ते स्वतःच गप्प झाले. जावईबापूंच्या शेजारी लिहिलं होतं, "साडेनऊला दुकान उघडलं पाहिजे." आर्यभट्टांच्या शेजारी, "गल्ल्यात कमी भरतात, मला शंका येते, विचारायची भीती वाटते." पगाराच्या विनोदाशेजारी, "या वर्षी वाढवता येणार नाही, पुढच्या वर्षी बघू." ही सगळी वाक्यं मालकाने बोलायलाच हवीत अशी होती आणि त्यांतलं एकही कधी बोललं गेलं नव्हतं. म्हणून उशिरा येणारा उशिराच येत राहिला. भाऊंनी हसत हसत म्हटलं, म्हणजे चालतं, असं त्याने धरलं. 'डोक्यावर बसतात' या तक्रारीचं मूळ इथे आहे. आणि ज्याला बोचलं, तो निघून गेला. दुकान एकच, विनोद एकच, दोन्ही तक्रारी त्यातूनच आलेल्या.

भाऊंना सरळ बोलणं एवढं जड का जात होतं? त्यांचे वडील गल्ल्यावर बसून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे. परात फेकायचे. आपण असं कधी वागायचं नाही, अशी शपथ भाऊंनी पोरवयातच घेतली होती आणि ती पाळली, याचा मला फार आदर वाटतो. पण ओरडणं आणि हसण्यावारी नेणं यांच्यामध्ये साधं बोलणं असतं, ते त्यांनी घरी कधी ऐकलंच नव्हतं. आम्ही माझ्या खोलीत सराव केला. मी उशिरा येणारा मुलगा झाले. "उद्यापासून साडेनऊला ये" एवढंच वाक्य. पण शेवटी काहीतरी गंमत जोडल्याशिवाय ते पुरं होईना. पुन्हा पुन्हा बोलल्यावर एकदाचं पुरं झालं, तेव्हा भाऊंच्या कपाळावर घाम होता.

मग त्या सोडून गेलेल्या माणसाकडे भाऊ घरी गेले. तिथे कळलं की ज्या दिवशी भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर "हार आणा" झालं, त्या दिवशी तो मुलाला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती करून थेट कामावर आला होता. भाऊंनी माफी मागितली, पुढे एकही गमतीचं वाक्य न जोडता. तो परत आला नाही. त्याने यावं अशी अटही नव्हती.

दुकानात त्यांनी जे बदललं, ते इतर मालकांनाही उपयोगी पडेल. चूक दाखवायची ती गिऱ्हाइकासमोर नाही, आणि विनोदात तर कधीच नाही. पगाराचं बोलणं वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, एकेकाशी बसून. 'नाही' असेल तर कारणासकट 'नाही'. कोणाचं अंग, घर, बायको, बोलण्याची ढब, यांवर गंमत बंद. इथे कायदाही आहे. २०१३ च्या कायद्यानुसार बाईला उद्देशून केलेलं नकोसं लैंगिक सूचक बोलणं हा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आहे. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली तरी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतर कोणी चारचौघांत जातीवरून हिणवलं, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. "मस्करी केली होती" म्हटल्याने सुटका होईल, अशा भरवशावर राहू नये.

एवढं सगळं बंद केल्यावर दुकान सुतकी झालं का, असं मला विचारतात. उलट झालं. भाऊ मे महिन्यातल्या भट्टीवर, बाहेर ४५ अंश असताना, स्वतः तासभर उभे राहिले आणि त्यांच्या हातची जिलबी जिलबीसारखी न होता भज्यासारखी झाली. कारागीर म्हणाला, "भाऊ, ही तुमच्या घरी न्या." अख्खं दुकान हसलं, भाऊसुद्धा. आता पॅकिंगच्या मावशीही बोलतात, आणि भाऊंची जुनी सवय उसळली की काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "भाऊ, सरळ सांगा न." मग ते सरळ सांगतात.

उचल मागायला कोणी आलं की मात्र त्यांची जीभ अजूनही गमतीकडे वळते. नाही म्हटलं तर आपण वडिलांसारखे दिसू, ही भीती गेलेली नाही. सध्या आम्ही त्यावर काम करतो आहोत. उचल किती आणि कधी मिळेल, याचा नियम त्यांनी लिहून काढला आहे. तो माणसांना एकत्र बसवून वाचून दाखवणं बाकी आहे.