पहिल्या कादंबरीसाठी प्रकार कोणता निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहता, नोकरी सांभाळून रोज तासभर लिहिता येतं, पहिली कादंबरी लिहायची आहे. नवे लेखक कोणता प्रकार निवडतात, तुम्ही कोणता निवडावा, आणि संवाद आपल्या बोलीत ठेवावेत का?

वहीपेन घेऊन बसणारा नवा मराठी लेखक बहुधा ऐतिहासिक कादंबरीकडे वळतो, नाही तर घरादाराची, गावाची सामाजिक कादंबरी सुरू करतो. मोबाइलवर लिहिणारे प्रेमकथा आणि भयकथा निवडतात, कारण भागाभागाने लिहिता येतं आणि वाचक लगेच कळवतो. रहस्यकथेकडे आणि विज्ञानकथेकडे जाणारे थोडेच. तुम्ही मात्र रहस्यकथा घ्यावी असं मला वाटतं.

जुन्या दोन्ही वाटांशी आपल्या जिल्ह्याचं जवळचं नातं आहे, म्हणून त्यांच्याबद्दल आधी. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना नंदगडला फाशी झाली ते साल १८३१. त्याच साली बाबा पदमनजी बेळगावात जन्मले. विधवांच्या हालांवरची त्यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’, १८७१ ची, रा. भि. गुंजीकरांची, आणि गुंजीकर जन्मले तुमच्याच तालुक्यातल्या जांबोटीत. म्हणजे वारसा आहेच. पण पहिल्या पुस्तकाला यातली कुठलीच वाट सोपी नाही.

ऐतिहासिक कादंबरी अडते ती लढाईच्या प्रसंगात नाही, स्वयंपाकघरात. हलशीच्या कदंब राजांवर लिहायला घेतलं की तिसऱ्या पानावर कुणीतरी जेवायला बसतं आणि ताटात ठेचा येतो. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, तंबाखू हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, पोर्तुगीज आल्यानंतरचं. पाचव्या-सहाव्या शतकातल्या हलशीत यातलं काहीच नव्हतं. तिखटपणा हवा असेल तर मिरी, पिंपळी, आलं. कालगणनेतही असंच फसायला होतं. शक सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात, आणि तिथे घटना वर्षभर अलीकडे-पलीकडे सरकते. पात्रांच्या तोंडी ‘मिनिट’ घालता येत नाही. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. राणी चन्नम्मांच्या कित्तूरवर लिहिलंत तर १८२४ चा ऑक्टोबर आणि डिसेंबर, दोन वेगळ्या लढायांचे महिने, नीट वेगळे ठेवावे लागतील. रोजचा एकच तास असेल तर त्यातली चाळीस मिनिटं अशा पडताळणीत जातात.

सामाजिक कादंबरीची अडचण निराळी. सामग्री उदंड: निपाणीच्या विडी कारखान्यातल्या बाया, ऊस, १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेपासून चाललेला सीमाप्रश्न. पण दोनशे पानं ओढून नेणारा प्रश्न नसतो. पहिल्या चाळीस पानांत गाव, घर, आजी, पाऊस सगळं सुंदर येतं आणि मग कथा थांबते, कारण पुढे काय होणार याची वाचकाला ओढ लागलेली नसते.

रहस्यकथेत ती ओढ पहिल्या पानापासून असते. शिवाय रचना शिकवायला तिच्यासारखा दुसरा प्रकार नाही. काम उलटीकडून करा. आधी गुन्हा खरा कसा घडला ते दोन पानांत तासवार लिहून काढा: कोण कुठे होतं, दार कुणी लावलं, गाडी कधी निघाली. हे पान पुस्तकात येत नाही. ते तुमच्या टेबलावर राहतं. मग संशयित चार, फार तर पाच. खरा गुन्हेगार पहिल्या पाव भागात वाचकासमोर आलाच पाहिजे, आणि त्याला तिथे दुसरं काहीतरी काम हवं. प्रत्येक मोठा धागा निदान दोनदा दिसावा: एकदा ओझरता, एकदा दुसऱ्याच भांडणाच्या मधोमध. धागा वाक्याच्या शेवटी ठेवला की डोळ्यात भरतो, यादीत मधे ठेवला की लपतो. खुंटीवर टॉवेल, ओली छत्री, कॅलेंडर. यातली छत्री वाचक विसरतो.

तुमच्या तालुक्यात एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नाही. समजा, घरात थोरल्या मुलाचा मृतदेह आहे आणि दारात पीएसआय. वडील मराठी चौथी शिकलेले. पोलीस कन्नडमध्ये विचारतात, शेजारचा पोरगा मराठीत सांगतो, उत्तर परत कन्नडमध्ये जातं. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, कन्नडमध्येच वाचून दाखवली जाते आणि खाली म्हातारा मराठीत सही करतो. तो म्हणाला होता, “धाकटा रात्रीच आला.” कागदावर उतरलं, धाकटा रात्री आला. तो ‘च’ दोन भाषांच्या मधे गळाला, आणि सगळा तपास त्या एका अक्षरावर फिरतो. ही कादंबरी तुम्हीच लिहू शकता.

तपशील मात्र कर्नाटकाचा हवा. महाराष्ट्रातलं एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, हे पद इथे नाही. सातबारा नाही, जमिनीच्या उताऱ्याला पहाणी किंवा आरटीसी म्हणतात. बेळगावची गाडी केए २२, चिकोडीची केए २३, बैलहोंगलची केए २४, गोकाकची केए ४९. १ जुलै २०२४ चा किंवा त्यानंतरचा खून असेल तर कलम ३०२ लिहू नका. भारतीय न्याय संहितेत ते १०३ आहे. अटकेनंतर २४ तासांत आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभा करावा लागतो, प्रवासाचा वेळ सोडून. आणि रहस्यकथांत सर्रास दिसणारी चूक: साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सही घेतली जात नाही, कायद्यानेच तशी मनाई आहे. सही असते ती फिर्यादीवर आणि पंचांची पंचनाम्यावर. वरच्या प्रसंगात मी फिर्याद घेतली ती म्हणूनच.

भयकथा लिहायचीच असेल तर लघुकथाच लिहा. भीती तीन-चार हजार शब्दांपलीकडे ताणली की सैल पडते. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत राहणारी दुर्मीळ वटवाघळं, कणकुंबीचा पाऊस, एवढं पुरे आहे. वर वाडा आणि पांढरी साडी नको. विज्ञानकथेसाठी एकच कसोटी: त्यातलं विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट कोसळली पाहिजे. जयंत नारळीकरांनीही १९७४ साली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला दुसऱ्याच नावाने पाठवली होती. तेव्हा स्पर्धांना कमी लेखू नका. प्रेमकथेबद्दल एवढंच की दोघांना वेगळं ठेवणारं कारण एका फोनने मिटत असेल तर ते कारण नव्हे.

आता बोली. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद आपल्या बोलीत, हे धोरण शंभर टक्के ठेवा. “काय करायलास?”, “येतो की” याला पर्याय शोधू नका. फक्त एक जपा: आपल्याकडे मुलीही “मी आलो”, “मी जातो” म्हणतात. बाहेरच्या वाचकाला बोलणारी बाई आहे की बाप्या ते कळत नाही, आणि रहस्यकथेत तो गोंधळ घातक. म्हणून पहिल्या दोन-तीन संवादांना नाव जोडा. आणि हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर प्रकाशकासाठी ठळक लिहा की ही रूपं जाणूनबुजून आहेत. नाही तर मुद्रितशोधक प्रत्येक ‘आलो’चं ‘आले’ करून ठेवेल.

थेट कादंबरीला हात घालू नका. आधी तीन रहस्यकथा लिहा, प्रत्येकी अडीच ते चार हजार शब्दांच्या. तीनही पूर्ण झाल्या तर प्रकार तुमचा. एकही शेवटाला गेली नाही तर तुमची ओढ बहुधा माणसांकडे आहे, कोड्याकडे नाही. मग सामाजिककडे वळा, पण गुन्ह्याचा एखादा धागा सोबत घेऊन. यातली बरी कथा दिवाळी अंकाला मे-जूनपर्यंत पाठवा, गणपतीत पाठवून उपयोग नसतो. ‘धनंजय’, ‘नवल’ हे अंक रहस्य आणि भयकथांसाठी ओळखले जातात.

कादंबरीचा हिशोब असा: डेमी आकाराच्या पानावर साधारण २८० शब्द, सोळा पानांचा एक फर्मा, बारा फर्म्यांचं पुस्तक १९२ पानांचं. म्हणजे सुमारे ५०,००० शब्द. रोज तासात २५० झाले तर दोनशे दिवस. पुनर्लेखनाला आणखी तीन महिने धरा. टंकन युनिकोडमध्येच करा. प्रकाशक ते श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फाँटप्रणालीत, बदलून घेतात तेव्हा रफार आणि ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्य’ हमखास बिघडतात, त्यामुळे पहिलं मुद्रित आल्यावर आधी तेवढे शब्द शोधून पाहा.