गंजके पत्रे आणि पोपडे धरलेल्या भिंती: मॉडेल रेल्वेच्या इमारतींबद्दल प्रश्नोत्तरे

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच कामाभोवतीचे आहेत. तयार किट न आणता, घरात सापडेल त्या वस्तूंतून लेआउटवरच्या, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या फळीवरच्या, इमारती करायच्या, आणि त्या ऊनपाऊस खाल्लेल्या दिसायला हव्यात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं स्केल एचओ, म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान) आहे, त्यामुळे मापं त्याच स्केलची देतो. एन स्केलवाल्यांनी (१:१६०) ती निम्म्याहून थोडी जास्त धरावीत.

प्रश्न : कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून मालाची शेड केली. कापल्या तेव्हा भिंती सरळ होत्या, रंग दिल्यावर मात्र रात्रीतून बाक आला. जाड पुठ्ठा घेऊ का?

जाड घेतलात तर तोही वाकेल, फक्त जरा सावकाश. कागदाचे तंतू पाणी प्यायले की फुगतात, आणि लांबीपेक्षा आडवे जास्त फुगतात. तुम्ही पाण्यातला रंग एकाच अंगाला दिलात. ते अंग फुगलं, वाळताना आक्रसलं, आणि मागचं अंग होतं तिथेच राहिलं. म्हणून पुढून जे कराल ते मागूनही करायचं. रंगाआधी दोन्ही बाजूंना लाखेच्या पॉलिशचा किंवा वार्निशचा पातळ हात मारा. मग पाणी आत शिरतच नाही.

दोन थर चिकटवून भिंत करणार असाल तर दोन्ही तुकड्यांतल्या तंतूंची दिशा एकच ठेवा. पुठ्ठा ज्या दिशेने सहज वळतो, तंतू त्या वळणाच्या रेषेला समांतर असतात. हाताला लगेच कळतं. एक उभा आणि एक आडवा असे दोनच थर लावले तर भिंत पिळवटते. उभा-आडवा करायचाच असेल तर तीन थर घ्या आणि फक्त मधला फिरवा. छापील, गुळगुळीत बाजू आतल्या अंगाला ठेवून पॉलिशपेपरने घासा, नाहीतर गोंद धरत नाही. आतून दर पाच-सहा सेंटिमीटरवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या काठावर उभ्या चिकटवा. कोपऱ्यांत लाकडाचा चौकोनी तुकडा आणि जोडताना गुण्या हवाच.

वाकलेली भिंत टाकू नका. जी बाजू फुगीर दिसते तिच्या उलट बाजूला ओला फडका फिरवा, प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा.

प्रश्न : छपरासाठी पॅकिंगच्या खोक्यातला पन्हळी कागद वापरला. जवळून बरा वाटतो, पण गाडी शेजारी उभी केली की छप्पर राक्षसाचं वाटतं. काय चुकलं?

माप चुकलं. घरगुती वस्तूंत हा धोका कायमचा आहे: वस्तू दिसते हुबेहूब, पण स्केल तिचं स्वतःचं असतं. खऱ्या पन्हळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांतलं अंतर साधारण ७६ मिलिमीटर असतं. ८७ ने भागा: ०.८७ मिलिमीटर. खोक्यातल्या कागदाचं हेच अंतर कित्येक मिलिमीटर असतं. अगदी बारीक पन्हळीचा पुठ्ठा मोठ्या जी स्केलला (१:२२.५) शोभतो, तुम्हाला नाही.

आता हत्यारांच्या डब्यातून एम ५ चा (पाच मिलिमीटर जाडीचा) बोल्ट काढा. त्याच्या आट्यांतलं अंतर ०.८ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या पत्र्याचा साचा घरातच पडून आहे. स्वयंपाकघरातली साधी फॉइल फार पातळ, ती फाटते. एकदाच वापरायच्या फॉइलच्या ट्रेचा सपाट तळ कापून घ्या. वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्यांवर तो ठेवा, त्यावर बोल्ट आडवा, आणि वरून लाकडी फळीने दाबत बोल्ट एकदाच पुढे लाटा. मागेपुढे केलात तर दुसरी रेघ पहिलीवर बसत नाही. उठलेल्या रेघा बोल्टला बरोबर काटकोनात नसतील, किंचित तिरक्या येतील, कारण आटे मळसूत्री असतात. बिघडलं काहीच नाही. पट्टी फॉइलच्या कडेला न लावता रेघेला लावून कापा.

अखंड छप्पर एका तुकड्यात करू नका. खरा पत्रा अडीच मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद धरला तर तुमचा तुकडा २९ बाय ९ मिलिमीटरचा होतो. असे सुटे पत्रे कापा, साबणाने धुऊन वाळवा, आणि छपरावर बसवण्याआधीच तीन ढिगांत वाटून रंगवा: एक ढीग राखाडी, एक मळकट, एक बराचसा गंजका. मग वळचणीकडून आढ्याकडे, एकावर एक थोडे चढवत, ढीग मिसळून लावत जा. एखादा पत्रा नवा, चकचकीत ठेवायला हरकत नाही. कुणीतरी मागच्या पावसाळ्यापूर्वी बदललेला.

गंजाचा रंग देताना एवढं पाहा: जुना गंज काळपट तपकिरी असतो, भगवी झाक फक्त ताज्या गंजाची. गंज पत्र्याच्या मधोमध सुरू होत नाही. जस्ताचा लेप जिथे तुटतो तिथे होतो: कापलेली कड, खिळ्याचं भोक, आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात ती फट, जिथे पाणी अडकून राहतं. तेव्हा गडद तपकिरी तिथे भरा आणि तिथून खाली, फक्त खालीच, भगवा ओघळ ओढा. रंगीत खडूची पूड कोरड्या ब्रशने लावली तर ओघळ छान मऊ येतो. वरून वार्निश फवारल्यावर पूड गडद होते, म्हणून आधी बेताने लावा आणि पुढचा हात वार्निशनंतर द्या.

प्रश्न : आइस्क्रीमच्या काड्यांची लाकडी खोली केली. जुन्या लाकडाचा तो चंदेरी राखाडी रंग काही केल्या येत नाही. रंगाने केलं तर रंग दिल्यासारखंच दिसतं.

आधी मापाचीच तक्रार, कारण ती रंगाहून मोठी आहे. आइस्क्रीमची काडी १० मिलिमीटर रुंद, म्हणजे तुमच्या स्केलला ८७ सेंटिमीटरची फळी! एवढी रुंद फळी भिंतीला कुणी ठोकत नाही. काडी उभी चिरून दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या करा. आगपेटीची काडी साधारण दोन मिलिमीटर चौरस असते, ती १७ सेंटिमीटरचा खांब म्हणून जशीच्या तशी चालते.

रंग न लावता राखाडी आणायचं असेल तर लोखंडी तारेचा घासणीचा तुकडा साबणाने धुऊन काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन-एक दिवस ठेवा. झाकण घट्ट लावायचं नाही, आत हायड्रोजन वायू तयार होतो. हे पाणी फडक्यातून गाळून लाकडावर लावलं की त्यातलं लोह लाकडातल्या टॅनिनशी संयोग पावतं आणि लाकूड राखाडी ते काळपट होतं. तुमच्या काड्यांवर बहुधा काहीच होणार नाही, कारण त्या सहसा बर्चसारख्या कमी टॅनिनच्या लाकडाच्या असतात. म्हणून आधी कडक काळ्या चहाचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग व्हिनेगरचं पाणी. चहा टॅनिन पुरवतो. छटा वाळता वाळता उतरते, त्यामुळे ओलं असताना रंग कमी वाटला म्हणून दुसरा हात मारू नका.

हे सगळं चिकटवण्याआधी करायचं. गोंदाचा थेंब पडलेल्या जागी काहीच शोषलं जात नाही आणि तिथे पिवळट डाग कायमचा राहतो. रंगाआधी दाढी करायच्या ब्लेडच्या कोपऱ्याने किंवा तारेच्या ब्रशने फळीच्या लांबीत ओरखडे काढा.

आणि सगळ्या फळ्या सारख्या राखाडी करू नका. खरं लाकूड राखाडी होतं ते उन्हामुळे वरचा लिग्निन (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारा घटक) सुटतो आणि पाऊस तो धुऊन नेतो म्हणून. वळचणीखाली ऊनही कमी, पाणीही कमी. तिथल्या फळ्यांचा वरचा भाग तपकिरी राहतो.

गाळलेल्या घासणीचा चुरा मात्र लेआउटपासून लांब टाका. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. लोखंडाचा कण रुळांवरून थेट आत जातो.

प्रश्न : सगळीकडे काळं, तपकिरी, गंज असं मनापासून केलं. घरचे म्हणतात, स्टेशन जळून गेलंय का? किती केलं की पुरे?

घरच्यांचं बरोबर आहे. तुम्ही इमारतीवर मळ लावलात, पण पाऊस पाडला नाहीत.

ब्रश हातात घेण्याआधी इमारतीसमोर बसा आणि पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठून उतरतं ते बोटाने दाखवा. आढ्यावरून छपरावर, तिथून पन्हळीत, पन्हळीतून उभ्या नळीत. नळीचा सांधा गळका असेल तर त्याच्यामागे भिंतीवर हिरवट पट्टा. खिडकीच्या ओट्याच्या दोन्ही टोकांखाली काळसर ओघळ, मध्ये कमी. वळचणीच्या आतल्या बाजूला पाऊस पोचत नाही, तिथे जुना रंग शाबूत. जमिनीवरून उडणारे शिंतोडे भिंतीवर फूटभर चढतात, म्हणजे तुमच्याकडे साडेतीन मिलिमीटर. मातीच्या रंगाची तेवढीच पट्टी द्या. शेवाळ धरतं ते ऊन न लागणाऱ्या भिंतीवर आणि तेही ओल असेल तरच. या वाटा सोडून उरलेली भिंत जवळपास स्वच्छ ठेवा. डोळ्याला जुनेपणा कळतो तो या फरकामुळे.

काजळीलाही कारण हवं. वाफेच्या इंजिनाच्या शेडमध्ये दाराच्या वरच्या अंगाला आणि धुराड्यांभोवती ती दाट असते. छोट्या स्टेशनात गाडी मिनिटभर थांबून जाते, तिथे छताला थोडी झाक पुरे. डिझेलचा काळ दाखवत असाल तर त्याहून कमी, आणि तेलाचे डाग भिंतीऐवजी रुळांच्या मध्ये.

शुद्ध काळा रंग बाजूला ठेवा. सर्वांगाला एकसारखी छटा द्यायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत इंडिया इंक नावाच्या काळ्या शाईचे मोजके थेंब टाका आणि एक पातळ हात द्या. तो खोबणीत बसतो. पाण्यासारखा पुठ्ठा फुगवत नाही म्हणूनही तो मला आवडतो, पण लाखेचं पॉलिश अल्कोहोलने सुटतं, तेव्हा तिथे वार्निशच हवं.

मॉडेलच्या गाड्या आणि इमारती मळलेल्या, झिजलेल्या दाखवण्याची गोडी ज्यांनी लावली त्यांत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीचा जॉन ॲलन अग्रणी. १९७३ मध्ये तो गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत त्याचा लेआउटही गेला. त्याचे फोटो आजही बघायला मिळतात. त्यात मळ किती आहे यापेक्षा तो कुठे नाही हे शोधा.

तुमच्या जळक्या स्टेशनाबद्दल: छप्पर राहू द्या, भिंतींवर मूळ रंगाची फिकट छटा कोरड्या ब्रशने वरून खाली ओढा. बराचसा वाचेल.

प्रश्न : पॅकिंगच्या पारदर्शक प्लॅस्टिकची तावदानं सुपरग्लूने लावली, दुसऱ्या दिवशी पांढरी धुरकट. पुसून निघत नाहीत.

निघणारही नाहीत, सुपरग्लूच्या वाफा प्लॅस्टिकवर बसतात. पुढच्या वेळी सुताराचा पांढरा गोंद वापरा. ही तावदानं मात्र कारखान्याच्या किंवा गोदामाच्या खिडक्यांना द्या, अशी मळकी काच मुद्दाम करायला वेळ जातो. खिडकीच्या बारीक पट्ट्यांसाठी सुईने प्लॅस्टिकवर रेघ ओढायची, फिकट रंग चोळायचा आणि लगेच पुसायचा. रंग फक्त रेघेत राहतो.

प्रश्न : थर्माकोलवर विटा कोरल्या. स्प्रेचा रंग मारला आणि भिंतच विरघळली. आणि एवढ्या विटा कोरायला दुसरा काही उपाय आहे का?

स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं, सुपरग्लूही खातो. पाण्यातला ॲक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद, एवढंच त्याच्याजवळ न्या.

विटांचं गणित करून बघा. विटेचा एक रद्दा (थर) दर्जेसकट, म्हणजे विटांमधल्या सांध्यासकट, साधारण ७५ मिलिमीटर, एचओत ०.८६. दहा सेंटिमीटर उंच भिंतीत ११६ रद्दे! इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयात १:७६ स्केलची खेडी आहेत, तिथल्या घरांच्या विटा पुठ्ठ्यावर कोरून जलरंगाने रंगवलेल्या आहेत. ते बघावं आणि नमस्कार करावा. आपण भिंतीला गिलावा करू.

पुठ्ठ्याच्या भिंतीवर पुट्टीचा अगदी पातळ थर फिरवा. ओली असतानाच दोन-तीन ठिकाणी नखाएवढा भाग खरवडून काढा, कडा वेड्यावाकड्या ठेवा. जागा पाण्याला विचारून ठरवा: जोत्याजवळ जिथे ओल चढते, गळक्या नळीशेजारी, खिडकीच्या ओट्याखाली. उघड्या जागेत टोकदार पेनाने दहा-बारा रद्दे कोरा. विटा एकाच लाल रंगाच्या नकोत, आणि दर्जा पांढऱ्या नकोत, मळक्या राखाडी हव्यात. त्या खरवडलेल्या कडेला खालच्या अंगाने किंचित पांढरट पूड लावली की लोणा धरल्यासारखी दिसते. बघणारा त्या तीन जागांवरून सगळी भिंत विटांची आहे असं धरून चालतो.

प्रश्न : इमारत चांगली जमली, पण लेआउटवर ठेवली की वर ठेवलेली वाटते, तिथली वाटत नाही.

खालची फट दिसते म्हणून. भिंती खालून तीन मिलिमीटर जास्त लांब करा आणि जमिनीत तेवढाच खड्डा ठेवा, इमारत त्यात बसली पाहिजे. पन्हळ नसलेल्या वळचणीच्या बरोबर खाली पागोळ्यांनी माती धुतलेली असते, तिथे चाळलेल्या वाळूची बारीक रेघ द्या. गवत भिंतीला लागून लावा, दारासमोर मात्र नको, तिथे पायवाट पडलेली असते. भिंतीवरची शिंतोड्यांची पट्टी ज्या मातीच्या पुडीने केलीत तीच पूड खाली जमिनीवर वापरा. आणि इमारत चिकटवू नका. कधीतरी मागचा रूळ पुसायला तिला उचलावं लागणारच.