कोर्स न करता, नुसत्या अनुभवावर व्यावसायिक प्रमाणपत्र मिळू शकतं का?

हो, मिळतं. याला 'पूर्वज्ञानाची मान्यता' म्हणतात. अर्जांवर बहुतेकदा 'आरपीएल' (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) असंच लिहिलेलं दिसेल. भारतात प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आहे, फ्रान्सने २००२ च्या कायद्याने तो हक्कच करून टाकला. जर्मनीत वर्गात न बसता थेट अंतिम परीक्षा देता येते. अट एवढीच की प्रशिक्षणाच्या मुदतीच्या दीडपट काळ त्या कामात गेलेला हवा, म्हणजे ३ वर्षांच्या प्रशिक्षणासाठी साडेचार वर्षं.

खरी मेहनत पुराव्यांची. "वीस वर्षं वेल्डिंग करतोय" एवढ्यावर भागत नाही. जुन्या मालकांची पत्रं, पगाराच्या पावत्या, केलेल्या कामाचे फोटो, जे हाती लागेल ते आधी गोळा करा. मग परीक्षक काम करून दाखवायला सांगतात आणि मध्येच विचारतात, "हे असंच का केलं?" हात सराईत असलेली माणसं नेमकी इथे अडखळतात, कारण हे कधी कुणाला समजावून सांगावंच लागलेलं नसतं. (सुरक्षेचे नियमही तसेच, रोज पाळतो, पण सांगता येत नाहीत.) म्हणून अर्ज भरण्याआधी त्या कामाचं ठरलेलं मानक, म्हणजे त्यात काय काय यायला हवं याची यादी, मागवा आणि ओळीओळीने स्वतःला तपासा. काही भाग कच्चा निघाला, तर तेवढ्यापुरताच छोटा कोर्स पुरतो का, हेही विचारून घ्या.