मालवणला बोटीची कोणती सफर घ्यावी?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरहून दोन दिवस मालवणला जाताय, सोबत आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी आहे. तर डॉल्फिन, सिंधुदुर्ग किल्ला आणि कर्लीची खाडी यांतलं काय निवडावं?

आपल्याकडचे बरेच जण करतात ती चूक मीही केली होती. पहाटे निघालो, राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो आणि जेवून दुपारी तीनला डॉल्फिन बघायला बोटीत बसलो. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, पाणी हलतं. डॉल्फिन एकही दिसला नाही. आई मात्र तासभर बोटीची कड घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती. तेव्हापासून मी पॅकेज बघत नाही, वेळ बघतो.

पहिल्या दिवशी दुपारी देवबागला कर्लीच्या खाडीतच फिरा. आत लाटा नसतात, काठाला माड असतात, म्हाताऱ्या माणसांना निवांत वाटतं. तिथलं त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाजवळचा वाळूचा पट्टा, तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. त्यासाठी कॅलेंडरवर तिथी बघा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी संध्याकाळी पाचनंतर. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. त्या दिवशी मुलीला संगमावर पाण्यात उतरू देऊ नका.

डॉल्फिन दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पाणी शांत असताना. तरी ते दिसतीलच असं नाही, मुलीला आधीच सांगून ठेवा.

एकच सफर जमणार असेल तर मी किल्ला निवडेन. मालवणच्या जेट्टीवरून तो जवळच आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलीला त्या नक्की दाखवा. आतलं महाराजांचं मंदिर राजाराम महाराजांनी, म्हणजे आपल्या ताराराणींच्या पतींनी बांधलेलं. आत चालणं बरंच आहे, ऊनही लागतं, तेव्हा डॉल्फिन बघून थेट तिकडेच जा.

पावसाळ्यात बोटी बंद असतात. आणि लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते पैसे देण्याआधी विचारा. मोठ्यांचं घातलं की मुलांच्या कानापर्यंत वर सरकतं. खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर दुसरं मागा, नाहीतर ती बोट सोडा.