पाटल्यांवर ५५ टक्के सूट आणि पीएफचे पाच लाख

कोल्हापूरच्या एका ताईंचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"दसऱ्याला मुलीसाठी पाच तोळ्यांच्या पाटल्या करायच्या आहेत. एका मोठ्या शोरूममध्ये मजुरी १८ टक्के आहे. तिच्यावर ५० टक्के सूट, आणि ॲपवर नाव नोंदवलं तर आणखी ५, म्हणजे ५५ टक्के. गुजरीतले आमचे नेहमीचे सराफ १० टक्के मजुरी लावतात आणि सूट जेमतेम १० टक्के देतात. शोरूमच फायद्याचं ना? ऑफर दसऱ्यापर्यंतच आहे. पैशांची सोय आहे. ह्यांनी जूनमध्ये कंपनी बदलली. आधीच्या सव्वाचार वर्षांच्या नोकरीचे पीएफचे पाच लाख काढणार आहोत, फॉर्म या आठवड्यात भरू. वरचे साठ हजार मी साठवलेत. मुलगी डिसेंबरमध्ये दहा पूर्ण करेल. सुकन्या समृद्धीचं सरकारी बचत खातं तिच्या नावाने काढायचं राहूनच गेलं, तर हे सोनं तिच्या शिक्षणाला होईल. शोरूमवाले म्हणाले, सोनं दर तीन वर्षांनी दुप्पट होतं."

ताई, विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे.

भाव रोज हलतो, म्हणून हिशेबापुरता २२ कॅरेटचा ग्रॅमला १०,००० धरू. पाच तोळे म्हणजे सराफाच्या भाषेत ५० ग्रॅम. (सासूबाईंचा तोळा पावणेबारा ग्रॅमच्या आसपासचा होता, त्यांच्या पाटल्यांशी वजन ताडून बघू नका.) सोनं ५ लाखांचं. शोरूमची मजुरी ९० हजार, निम्मी केली की ४५ हजार. पुढचे ५ टक्के हे ९० हजारांवर नसतात, या उरलेल्या ४५ हजारांवर असतात. म्हणजे सव्वादोन हजार. राहिले ४२,७५०. तुमची ५५ टक्के सूट प्रत्यक्षात साडेबावन्न भरली. तीही फक्त मजुरीवर. पाच लाख नव्वद हजारांच्या मूळ रकमेवर ती ८ टक्के होते.

गुजरीतले सराफ: मजुरी ५० हजार, १० टक्के सूट, राहिले ४५ हजार. एका पाटीवर ५५ चा आकडा, दुसऱ्यावर १० चा, आणि फरक सव्वादोन हजारांचा. शोरूमने ग्रॅममागे ४५ रुपये भाव जास्त लावला तर तोही संपला. भाव विचारलात का दोन्हीकडे? एकाच दिवशी, एकाच वेळी, २२ कॅरेटचा? पत्रात मजुरीचे आणि सुटीचे टक्के आहेत, भाव कुठेच नाही. नेमका तोच पाटीवर मोठ्या अक्षरात नसतो. पाटल्या कुठूनही घ्या, आतल्या बाजूला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

झालं तुमच्या प्रश्नाचं. आता पीएफ. फॉर्म भरू नका.

कंपनी बदलली की पीएफ काढायचा, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की लोक त्या पैशांची बोनससारखी वाट बघत असतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माणसाचा असतो, कंपनीचा नसतो. नवीन कंपनीत तोच नंबर चालतो आणि जुनी रक्कम ऑनलाइन अर्ज करून नव्या खात्यात वर्ग करता येते. नोकरी सुटल्याच्या कारणाने सगळी रक्कम काढायची सोय आहे ती हाताला काम नसलेल्या माणसासाठी. तुमच्या मिस्टरांना जूनपासून पगार चालू आहे.

बरं, काढलीच तर काय होतं ते पाहा. नोकरी पाच वर्षांच्या आत, म्हणून पॅन जोडलेलं असलं तरी १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर. पन्नास हजार जागच्या जागी गेले, हातात साडेचार लाख. शिवाय कंपनीचा वाटा आणि सगळं व्याज त्यांच्या या वर्षाच्या उत्पन्नात मिळवलं जाईल. विवरणपत्र भरताना कापलेल्यातले काही परत येतील किंवा आणखी भरावे लागतील, ते त्यांच्या पगारावर अवलंबून. पण दसऱ्याला तुमच्याकडे साडेचार अधिक साठ हजार, म्हणजे ५ लाख १० हजार असतील. बिल ३ टक्के जीएसटी धरून ५ लाख ५९ हजारांचं. पाटल्या बसतच नाहीत. उरलेले पन्नास हजार कुठून, हे पत्रात नाही, आणि क्रेडिट कार्ड असेल तर मला सांगूही नका.

हीच रक्कम वर्ग केली तर जुनी सव्वाचार वर्षं नव्या नोकरीला जोडली जातात आणि पाच वर्षांची अट काही महिन्यांत पार होते. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, त्यातही ही वर्षं मोजली जातात. काढून घेतलीत तर पाच वर्षांची मोजणी पुन्हा शून्यापासून, आणि पेन्शनचा भागही काढलात तर तिचीही. पीएफचं व्याज २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत ८.२५ टक्के होतं. हाच दर राहिला असं धरून ७२ ला या दराने भागा (पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते असं ढोबळ काढतात): पावणेनऊ वर्षांत दुप्पट. तुमची मुलगी तेव्हा साडेअठराची असेल आणि पाचाचे दहा लाख झालेले असतील.

आता शोरूमवाल्यांचं 'तीन वर्षांनी दुप्पट'. गेल्या काही वर्षांत सोनं भरपूर वाढलं, ते मी नाकारत नाही. पण २०१२ साली दहा ग्रॅमचा भाव तीस-एकतीस हजारांच्या घरात होता आणि २०१८ सालीही तो त्याच घरात होता. सहा वर्षं जागेवर. त्या काळात काउंटरवरची मंडळी हेच वाक्य सांगत नव्हती असं समजू नका. शिवाय भाव सोन्याचा वाढतो, मजुरीचा नाही. ५ लाख ५९ हजार देऊन दुकानाच्या पायऱ्या उतरलात की हातात पाच लाखांचं सोनं असतं, आणि मोडायला गेलात की घट वेगळी. भाव १२ टक्के वाढला की तुम्ही जिथून निघालात तिथे पोचता. हौस म्हणून पाटल्या करा, मुलीच्या हातात छान दिसतील. तिच्या फीसाठी करू नका. आणि ती फी भरायची वेळ आली की पाटल्या मोडायला घरात कोण तयार होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. सुकन्या राहून गेली. राहून गेलेली नाही, पण डिसेंबरमध्ये जाईल. खातं मुलीला दहा पूर्ण व्हायच्या आधी उघडावं लागतं, नंतर दार बंद. २५० रुपयांत उघडतं, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. दर सरकार तिमाहीला ठरवतं, जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ झाला. अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. या सोमवारी मुलीचा जन्मदाखला, तुमचं आधार आणि पॅन घेऊन पोस्टात जा. बँकेतही उघडतं, पण तिथे चौकशी केली की टेबलापलीकडचा माणूस 'याहून चांगलं आहे' म्हणत चाइल्ड प्लॅनचं पत्रक पुढे सरकवण्याची शक्यता फार. त्यातला 'गॅरंटीड' हा शब्द वगळून व्याजाचा दर काढून दाखवायला सांगा, गप्प बसेल.

साठ हजारांतले दहा खात्यात टाका. उरलेल्यात मुहूर्ताला चार ग्रॅमचं साधं वेढणं घ्या, मजुरी नावापुरती लागते. पुढच्या महिन्यापासून जमेल तेवढे, दोन-तीन हजार, खात्यात जाऊ द्या. मिस्टरांना सांगा, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरली आहे का ते बघून वर्ग करण्याचा अर्ज टाका.

आणि शोरूमवाल्यांना सहज विचारा, दिवाळीत ऑफर असेल का. असेल.