कपाटात राहिलेले आठ टॅब

‘मनापासून केलेला सामाजिक प्रकल्प चालला नाही, आता अहवालात काय लिहू?’ हा प्रश्न घेऊन दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर दोन-तीन विद्यार्थी तरी माझ्याकडे येतात. त्यांपैकी एकाची हकीकत त्याच्या संमतीने आणि ओळखीचे तपशील बदलून येथे देत आहे.

तो संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेला त्याच्या गटाने देणगीतून मिळवलेले आठ टॅब दिले होते. तेथे इंटरनेट जेमतेम मिळत असल्यामुळे त्यांनी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ‘कोलिब्री’ ही इंटरनेटविना चालणारी प्रणाली बसवली होती, त्यामुळे धडे शाळेतल्या शाळेत वायफायवरून टॅबवर दिसत. उद्घाटनाला नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. पाच महिन्यांनी तो पुन्हा गेला तेव्हा टॅब लोखंडी कपाटात कुलूपबंद होते आणि त्यांच्या खोक्यांवरची चिकटपट्टी पुन्हा नीट लावलेली होती.

“मॅडम, खरे लिहिले तर गुण जातील, खोटे लिहिले तर झोप जाईल,” असे तो म्हणाला. झोप आधीच गेलेली होती, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होते.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटण्याच्या मोठ्या सरकारी कार्यक्रमाचा ३१९ ग्रामीण शाळांमध्ये अभ्यास झाला आणि गणित व भाषेच्या गुणांत फरक पडल्याचे आढळले नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले होते, ते मी त्याला सांगितले. त्याचा चेहरा काही खुलला नाही. मोठ्यांचेही फसते हा दिलासा तकलादू असतो, कारण त्यामुळे आपल्या वाट्याचा प्रश्न तसाच राहतो.

दुसऱ्या भेटीत मी त्याला त्या दिवशीचा प्रसंग क्रमाने सांगायला लावला, म्हणजे शाळेत पाऊल टाकल्यापासून कोण काय बोलले ते सगळे. तेव्हा एक वाक्य निघाले, जे त्याने मनावर घेतलेच नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले होते, “बाळा, हे टॅब डेडस्टॉक रजिस्टरला चढवले आहेत. एक जरी फुटला, तरी उद्या जाब मला द्यावा लागेल.” डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. मुख्याध्यापकांचे हे बोलणे म्हणजे त्याला सबब वाटली होती. मला ती साधी, रास्त भीती वाटली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाने आठ काचेच्या वस्तू तिसरीतल्या मुलांच्या हाती का द्याव्यात, याचे उत्तर त्या गटाच्या प्रस्तावात कोठेच नव्हते.

मग मी त्याला वापराच्या नोंदी पुन्हा पाहायला सांगितल्या. त्याने आठवड्यांच्या बेरजा मांडून घसरता आलेख काढला होता; वार पाहिलेच नव्हते. वार लावल्यावर दिसले की पहिल्या तीन आठवड्यांनंतरचा जवळजवळ सगळा वापर शनिवारचा होता. त्याने फोन करून विचारले, तेव्हा खुलासा झाला. शनिवारी सकाळच्या शाळेत मुख्याध्यापक स्वतः चौथीचा वर्ग घेत आणि आपल्या डोळ्यांसमोर चार टॅब बाहेर काढत. म्हणजे कपाट पाच महिने बंद नव्हते, ते एका माणसाच्या धीराइतके उघडत होते.

यानंतर त्याची बेचैनी गेली असे मी म्हणणार नाही, मात्र तिची दिशा बदलली. ‘मी मुलांना फसवले’ आणि ‘परीक्षकांसमोर माझी लाज जाईल’ या दोन गोष्टी त्याच्या मनात एक झाल्या होत्या, त्या आम्ही वेगळ्या केल्या. पहिलीवर त्याला अजून काहीतरी करता येण्यासारखे होते. दुसरी सोसण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या मते अशा विद्यार्थ्यांना धीर देण्याच्या घाईत आपण बहुतेकदा दुसरीच हलकी करत बसतो.

अहवालात त्याने यशाचे प्रकरण काढून टाकले आणि तेथे शनिवारचा तक्ता, रजिस्टरची अडचण आणि मराठीतील धडे कमी पडल्याची कबुली घातली. दुरुस्तीचा खर्च गट उचलेल असे लेखी पत्रही शाळेला दिले.

निकालानंतर त्याचा फोन आला. गुण अपेक्षेपेक्षा कमी मिळाल्याचे त्याने एका वाक्यात उरकले आणि लगेच विचारले, की टॅब शाळेऐवजी ग्रामपंचायतीच्या नावावर ठेवायचे झाल्यास ग्रामसभेचा ठराव लागतो का. मला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “मग ग्रामसेवकांनाच विचारतो,” आणि त्याने फोन ठेवला.